पाणी भरलं म्हणायचं नाही

आमच्या शेजारच्या काकूंसमोर "पाणी भरलं" म्हणायची सोय नव्हती. पहिल्यांदा सगळेच म्हणायचे. मीही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणण्याआधी माणूस दार किती लांब आहे ते बघून घ्यायचा.

"भरलं? कोणी भरलं? तू भरलंस? नळाखाली हंडा लावला होतास?" त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जायचा. "पूर आला म्हण. जीभ झडणार नाही तुझी."

आता मुंबईत पूर कोणी म्हणत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पूर सांगलीला येतो, चिपळूणला येतो. टीव्हीवर दिसतो, त्यात होड्या असतात, छपरावर बसलेली माणसं असतात आणि वरून बघून जाणारे मंत्री असतात. मुंबईत पाणी भरतं. फ्रिज तसाच आडवा पडतो, गाद्या तशाच फेकाव्या लागतात, पण आपण म्हणतो, भरलं होतं यार, उतरलं संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला जातो आणि वर त्याचं कौतुकही करून घेतो. या कौतुकाचा काकूंना भयंकर राग होता. सोसायटीत त्यांना मागून पूरवाली म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

साकीनाक्याच्या सिग्नलवरून आत शिरलं की वर्कशॉपच्या दोन गल्ल्या सोडून आमची सोसायटी. चार मजले, पुढून बघितली तर एकदम सभ्य. मागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे अख्खी वस्ती ज्याला नाला म्हणते तो. काकू त्याला नदी म्हणायच्या. नकाशात ती नदीच आहे, पण नकाशा बघतो कोण? नाक मुठीत धरून चालणाऱ्या माणसाला तुम्ही ही नदी आहे म्हणून सांगितलंत तर तो तुमच्याकडे जसा बघेल तसे लोक काकूंकडे बघायचे.

आम्ही घर बघायला आलो तेव्हाच त्यांची पहिली गाठ पडली. दलाल खिडक्या उघडून आम्हाला हवा दाखवत होता. मी विचारलं, "पाणी कसं आहे?" मुंबईत घर बघताना हा प्रश्न नळाबद्दल असतो.

"पाण्याचं टेन्शनच नाही मॅडम. भरपूर पाणी."

"भरपूर," शेजारच्या दारातून आवाज आला. "कमरेपर्यंत."

दारात एक ठेंगणी बाई उभी. गाऊन, खांद्यावर पंचा, हातात लाटणं. दलालाने कपाळाला हात लावला. त्याला हे नवीन नसावं. बाईंनी मला नीट न्याहाळून घेतलं आणि म्हणाल्या, "घे घर. वाईट नाही. पण नदीकाठी घर घेतेयस हे माहीत असून घे. नाल्याशेजारी घेतेयस असं समजून घेऊ नको. नाल्याशेजारी राहणारा माणूस नाक धरतो. नदीकाठी राहणारा सामान वर ठेवतो."

आम्ही घेतलं. का, तर वरच्या मजल्याचं घर आम्हाला झेपत नव्हतं, एवढंच. तळमजल्यावर कोणी हौसेने राहत नाही. वरचे लोक मात्र असं बोलायचे, जणू आम्हाला डासांची आवड आहे.

काकूंच्या हातातल्या लाटण्याचा उलगडा पुढे झाला. घरातली सगळी विजेची बटणं त्यांनी डोक्याच्या वर नेऊन बसवली होती. पाणी बोर्डात शिरू नये म्हणून. इथवर ठीक. पण स्वतः इतक्या बुटक्या की हात पोचेना. मग लाटण्याच्या टोकाने पंखा लावायचा, लाटण्याच्या टोकाने दिवा बंद करायचा. पोळ्या लाटायचं लाटणं वेगळं होतं आणि ते आम्ही चुकून उचललं तर ओरडा पडायचा. फ्रिज लोखंडी स्टँडवर, माझ्या खांद्याला त्याचा तळ लागायचा. गॅसचा सिलिंडर भिंतीतल्या कडीला साखळीने बांधलेला, कुत्रा बांधतात तसा. सोफा नाही, बॉक्सचा पलंग नाही, प्लायवुडचा एक तुकडा घरात नाही. "प्लायवुड फुगतो आणि मरतो," त्या म्हणायच्या. सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. का, तर तरंगतात आणि धुता येतात. पाहुणा आला की त्याला आधी हे सांगायच्या, मग बसायला सांगायच्या. देव सगळ्यात वर, माळ्याच्या कडेला. पूजेला स्टुलावर चढायचं.

"देवाला खाली आणा की काकू," एकदा माझा नवरा म्हणाला. "तुम्हाला चढता येत नाही आता."

"तुझ्या देवाला पोहता येतं काय?"



त्यांच्या घरात भिंतीवर दोन गोष्टी होत्या. एक नवऱ्याचा फोटो, तोही उंचावर. दुसरं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. चतुर्थी, एकादशी त्या विसरायच्या, पण उधाणाची भरती कधी आहे ते तोंडपाठ. मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत, त्यामुळे जन्म सगळा मुंबईत गेला होता, तरी उधाण हा शब्द त्यांनी सोडला नव्हता. बाकी सगळी मुंबई हाय टाइड म्हणते.

आणि त्या कधीच चुकायच्या नाहीत असं कोणी समजू नये. चुकायच्या, आणि दणकून चुकायच्या. एका जुलैत सकाळी दार ठोकून त्यांनी आम्हा तळमजल्यावाल्यांना उठवलं. नदी फुगलीय, उधाण आहे, गाद्या वर न्या. आम्ही गाद्या, टीव्ही, मिक्सर, गव्हाचा डबा, सगळं जिन्यात नेऊन रचलं. समोरच्या घरातले साळवे काका, जालन्याकडचे, त्यांनी तर शिलाई मशीन पाठीवर मारून दुसऱ्या मजल्यावर नेलं. दुपारी चक्क ऊन पडलं. वरचे लोक आमच्या गाद्यांवरून पाय टाकत भाजी आणायला गेले. सेक्रेटरी म्हणाले, "काय काकू, कुठे आहे तुमचा पूर?" दुसरा कोणी असता तर खजील झाला असता.

"नाही आला. पाहुणा आहे काय, कळवून यायला? गाद्यांना ऊन लागलं ना? मग झालं," म्हणाल्या, आणि आत जाऊन जेवायला बसल्या.

शब्दांचं हे वेड त्यांना कुठून लागलं ते सांगायला हवं. त्या कोर्टात स्टेनो होत्या. नोकरीभर लोकांच्या जबान्या टाइप केल्या. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: मनातलं टाइप होत नाही. "साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, जरा ढकललं. त्याच्या मनात असतं की उचलून आपटलं. पण तोंडाने काय म्हणाला? जरा ढकललं. मी काय टाइप करणार? जरा ढकललं. मग तो घरी जाऊन रडतो. रड. तू म्हणालास तेच लिहिलंय." म्हणून पाणी भरलं म्हणणाऱ्यावर त्या तुटून पडायच्या. त्यांचं म्हणणं असं की आज नाक्यावर म्हणाल, उद्या सवयीने नको तिथे म्हणाल.

मला वाटायचं, म्हातारीचा टाइमपास आहे. एका रविवारी त्यांनी मला बसमध्ये घालून आरे कॉलनीत नेलं. मला वाटलं पिकनिक आहे, मी वडे बांधून घेतले. झाडीतून आत, पाड्याच्या पलीकडे, एका ओढ्याशी नेऊन उभं केलं. पाणी गुडघ्याएवढं असेल, पण स्वच्छ. तळातले दगड मोजावेत. दोन बायका कपडे धूत होत्या.

"हीच ती," काकू म्हणाल्या. "आपल्या मागून जाते ती. बघ नीट. इथे हिला नाला म्हणशील?"

"नाही."

"मग साकीनाक्यापर्यंत येता येता हिने काय पाप केलं? लोकांनी घाण टाकली म्हणून नाव बदलायचं? तुझ्या अंगावर कोणी चिखल टाकला तर मी तुला उकिरडा म्हणू?"

वडे तिथेच बसून खाल्ले. त्या दिवसापासून मला नाला म्हणवेना. जीभ अडखळायची. ऑफिसात बोलतानाही मी नदी म्हणायचे आणि लोक विचारायचे, तू अंधेरीलाच राहतेस ना?

सोसायटीच्या वार्षिक सभेतलं त्यांचं भांडण अजूनही लोक काढतात. इमारतीचा विमा होता, पण कमिटीने हप्ता कमी व्हावा म्हणून त्यातून पुराचा भाग काढून टाकला होता. आग धरलेली, भूकंप धरलेला. साकीनाक्याला नदीकाठी उभी असलेली इमारत भूकंपाला घाबरते आणि पुराला घाबरत नाही, हे ऐकून काकू उठून उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या तरी बसलेल्यांएवढ्याच दिसायच्या, म्हणून खुर्चीवर चढल्या.

"आमच्याकडे पाणी येत नाही," तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले. "मग आम्ही का भरायचं? दरवर्षी थोडं भरतं खाली, मान्य आहे. तळमजल्यावाल्यांना सवय आहे."

"सवय?" काकू म्हणाल्या. "सवय कुणाक झाली? माका नाय झाली. तुझा मीटर कुठे आहे? पाण्याचा पंप कुठे आहे? तो काय तिसऱ्या मजल्यावर ठेवलायस? खाली आमच्या उरावर आहे. इमारत उभी कशावर आहे? आमच्या घरांवर. तुमका काय कळता काय, मेल्यांनो?"

राग आला की त्या मालवणीत शिरायच्या. पूर पुन्हा विम्यात घ्यायचा ठराव सभेने हात वर करून पाडला. काकू खुर्चीवरून उतरल्या, आम्हा तळमजल्यावाल्यांना घरी घेऊन गेल्या आणि तरंगणाऱ्या खुर्च्यांवर बसवलं. आपण आपापला काढू, म्हणाल्या. मग त्यांनी शिकवणी घेतली. भिंती आणि फरशी एक, घरातलं सामान दुसरं, दोन्ही वेगवेगळं सांगून घ्यावं लागतं. आणि मुख्य म्हणजे दोन पाण्यांत फरक करा. पावसाळ्यात आवारात घोटाभर साचतं, ते साचलेलं. गटार तुंबलं की साचतं, झाडू मारला की जातं. नदी भिंत ओलांडून आत येते, तो पूर. "हे दोन कधीही एका वाक्यात बोलू नका," त्यांनी बजावलं. आम्ही माना डोलावल्या. साळवे काका हसून म्हणाले, "आमच्या जालन्याला पाणी बघायला मिळत नाही, इथे घरात येतं, त्याचाही विमा." त्यांनीही काढला. सगळ्यांनी काढला, काकूंच्या धाकाने.

आणि नदी आली. ऑगस्टमध्ये, भरदिवसा. आधी आवारात घोटाभर साचलं, रोजच्यासारखं, आणि कोणी लक्ष दिलं नाही. मग मागच्या भिंतीवरून पाणी उतरायला लागलं. उतरायला म्हणजे थेंब नाही, भिंतीच्या रुंदीचा पडदा. काकू ओरडल्या, आम्ही जमेल ते वर टाकलं, पण अर्ध्या तासात माझ्या बैठकीच्या खोलीत पाणी कमरेला आलं. आमचा बॉक्सचा पलंग जागच्या जागी फुगला. मी रडत होते आणि शिव्या देत होते, दोन्ही एकदम. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज येत होता. ओट्यावर चढून बसल्या होत्या आणि सावंतवाडीच्या बहिणीला फोन करून सांगत होत्या, "पूर इलो." बहीण मोठ्याने बोलायची, तिचंही ऐकू आलं. "मुंबयत खंयचो गो पूर? पूर आमच्याकडे येता."

काकूंनी फोन ठेवला. पाण्यापेक्षा बहिणीवर जास्त चिडल्या होत्या.

दोन दिवस आम्ही चिखल उपसला. सेक्रेटरी जिन्यात उभे राहून बघत होते. वाईट माणूस नव्हे तसा, पण चिखलात पाय न घालता सल्ला देणारा. "विकून टाका ना," माझ्या नवऱ्याला म्हणाले. "माझ्या ओळखीचा घेईल, आहे तसं. बदलापूरला टू बीएचके येईल तुम्हाला." नवरा काही बोलला नाही. आणि तो काही बोलला नाही म्हणूनच मला भीती वाटली. विम्याने भिंती, फरशी दिली नाही तर आम्हाला खरंच जावं लागलं असतं. आमच्याकडे परत घर उभं करायला दुसरं काही नव्हतं. साळवे काकांची गत याहून वाईट, त्यांचं मशीन यावेळी खालीच राहिलं होतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. तरुण, नम्र, पायात गमबूट, डोंबिवलीचा. मोबाइलवर फोटो काढत होता आणि बोलणं रेकॉर्ड करत होता. आधी साळवे काकांकडे गेला. त्यांनी त्याला बसायला स्टूल पुसून दिलं. घरात पाहुणा आला की आपण आपलं दुःख लपवतो, तशी आपली रीतच आहे.

"काय झालं होतं काका?"

"काही नाही हो. पाणी भरलं. दरवर्षी भरतं."

हसून म्हणाले वर. मग तो माझ्याकडे आला. मी दोन दिवस झोपले नव्हते, आणि या पोरासमोर रडायचं नाही एवढंच डोक्यात होतं. काय झालं, त्याने विचारलं. मी म्हणाले, "पाणी साचलं होतं. चालतं, आम्हाला सवय आहे." आरेच्या ओढ्याकाठी वडे खाल्लेली मी. शब्द आपसूक तोंडातून गेले. मुंबईच्या माणसाला हे बोलायला शिकवावं लागत नाही, आईच्या दुधातून येतं.

काकू हात साबणाचेच ठेवून बाहेर आल्या. "पूस ते," त्याला म्हणाल्या.

"रेकॉर्ड झालंय मावशी."

"मी बघते ना ही कशी उभी आहे ते. हिला सवय आहे? हिच्या डोळ्यांकडे बघ."

"डोळ्यांचं मी काय लिहू मावशी?" तो बिचारा खरंच कळवळून म्हणाला.  आयुष्यभर त्याच खुर्चीवर बसलेली बाई त्याला काय म्हणणार? मग काकूंनी त्याला आपल्या घरात नेलं आणि खणखणीत सांगितलं, नदी अमुक भिंतीवरून आली, नदीला पूर आला.

निकाल आला तो असा. आम्हा सगळ्यांचे दावे नामंजूर. नेहमी साचणारं पाणी, रहिवाशांनीच सांगितलेलं, पूर नव्हे. फक्त एक दावा मंजूर. काकूंचा.

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. त्यांनी हजारदा सांगितलं होतं म्हणून जास्त राग आला. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी ऐकवलं नाही. मंजुरीचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर लाटण्याने ठोकलं.

"ही भिंत कोणाची गो?"

"दोघींची."

"माझ्या बाजूला पूर आला. तो भिंतीतून पलीकडे गेला आणि तुझ्याकडे गटार झाला?"

त्यांनी कागदावर सही केली नाही. सही केल्याशिवाय त्यांना काही मिळणार नव्हतं, आणि सहीला मुदत होती. आम्ही सगळ्यांनी समजावलं. साळवे काका तर हात जोडून म्हणाले, तुमचं तरी होऊ द्या. कंपनीतून फोन यायचे, मावशी सही पाठवा. त्या म्हणायच्या, "शेजारणीच्या घरातलं पाणी कुठलं ते आधी सांगा." फोन ठेवून द्यायच्या आणि आम्हाला घेऊन कंपनीच्या ऑफिसात जायच्या. एकदा नाही, येता-जाता. अख्खा तळमजला. साळवे काकांना रिसेप्शनच्या सोफ्यावर बसवायच्या आणि सांगायच्या, हलायचं नाही.

तिथल्या मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या, "काकू, तुमचा दावा पास आहे. तुम्ही कशाला येता?"

"माझ्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूसाठी येते. माझी बाजू पुराने भिजली आणि हिची बाजू काय सवयीने भिजली?"

मॅडमना हसू आलं. हसू आलं की माणूस ऐकतो, हे मी तिथे शिकले. त्यांनी पुन्हा पाहणी लावली. दुसरा सर्व्हेअर आला तेव्हा काकू दारात आल्याच नाहीत. आतून म्हणाल्या, "तू बोल." मी उभी राहिले आणि म्हणाले, "नदीला पूर आला. मागच्या भिंतीवरून आत आला. आवारातलं साचलेलं पाणी वेगळं, हे वेगळं." माझ्याच कानाला ते परकं वाटलं, दुसऱ्याची साडी नेसल्यासारखं. पण "आम्हाला सवय नाही" हेही म्हणाले. मोठ्याने म्हणाले. सेक्रेटरी जिन्यात होते, त्यांनीही ऐकलं.

आमचे दावे मंजूर झाले. भिंती खरवडल्या, नवं प्लास्टर झालं, फरशी बसली, साळवे काकांचं मशीन आलं. बदलापूर आमच्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही. आणि तोवर काकूंची मुदत टळून गेली होती. फाइल बंद. आमची भिंत माझ्या बाजूने गुळगुळीत, त्यांच्या बाजूने पोपडे सुटलेली. त्या पुढच्या उन्हाळ्याच्या आत गेल्या, तेव्हाही ती तशीच होती.

मी त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. तुम्हाला अक्कल आहे का, आमचं होत आलं होतं तेव्हा तरी सही करायची, असं तोंडावर म्हणाले. आम्ही सगळे मिळून तुमची भिंत करतो म्हटलं, तर म्हणाल्या, भिंतीला हात लावलास तर लाटणं घालीन. भिंत ओली राहू दे, ती साक्षीदार आहे. मग विम्याच्या तक्रारी ऐकणारे एक मोठे साहेब असतात, त्यांच्यापुढे आम्हीच काकूंचा अर्ज घातला, आणि त्या असतानाच तारीख मिळाली.

त्या दिवशी काकूंनी कोर्टात नेसायच्या तसली कडक इस्त्रीची सुती साडी काढली. आम्ही सगळे मागे बसलो. कंपनीचा माणूस नीट बोलला. खरं तेच बोलला: यांचा दावा आम्ही पहिल्याच फटक्यात मान्य केला होता, यांनीच सही केली नाही, आम्ही वारंवार फोन केले, मुदत गेली. साहेबांनी काकूंकडे बघितलं. साहेबांच्या शेजारी एक मुलगी टाइप करत बसली होती. काकूंचं सगळं लक्ष तिच्या बोटांकडे होतं.

"मान्य झालं होतं तर सही का नाही केलीत?"

"त्या सहीचा अर्थ होता की तळमजल्यावर एका घरात पूर आला आणि बाकीच्या घरांत नाही आला. मी तिथे होते साहेब. ते खोटं आहे."

"पण तुमच्या घरापुरतं तर ते खरं होतं ना?"

"पूर घरापुरता येत नाही."

साहेब आवाज उतरवून, अगदी घरच्या माणसाने बोलावं तसं म्हणाले, "मुदतीबाहेरचं मला काही करता येईल असं वाटत नाही, मावशी. नियम आहे. यात नुकसान तुमचं एकटीचं झालं, हे कळतंय ना तुम्हाला?"

मला रडू फुटलं. काकूंनी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. मग त्या टाइप करणाऱ्या मुलीकडे वळल्या. तिची बोटं थांबली होती.

"माझं नुकसान झालं," त्या म्हणाल्या. "थांबलीस का गो? लिही ते."